गाण्याआधीचं मिनिट

आमच्या बाईंचा एक नियम होता. तंबोरा सुरू झाला की गाणाऱ्यानं लगेच तोंड उघडायचं नाही. डोळे मिटून नुसतं ऐकायचं आणि निदान मिनिटभर तंबोऱ्याला एकट्याला वाजू द्यायचं. "आधी त्याला बोलू दे, मग तू बोल," असं त्या म्हणायच्या. एखादं उतावळं पोर मध्येच 'सा' लावायला गेलं, की बाईंचा हात थांबायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. लहानपणी आम्हांला या नियमाचा भयंकर कंटाळा यायचा. आता मी पन्नाशी ओलांडली आहे, आणि त्या एका मिनिटाबद्दल मला जेवढी हळहळ वाटते, तेवढी दुसऱ्या कशाबद्दल क्वचितच वाटली असेल.

बाईंचा क्लास पंचवटीत, पूजेच्या साहित्याच्या दुकानावरच्या मजल्यावर. खोलीत सतरंजी, कोपऱ्यात तंबोरा आणि खिडकीतून सतत आत येणारा भाजीबाजाराचा गलका. मेथीच्या जुड्यांचे भाव, रिक्षांचे हॉर्न, शेजारच्या दोन भाजीवाल्यांचं रोजचं भांडण. नवीन पालक बिचकत विचारायचे, "इथं मुलं गातात कशी हो?" बाई म्हणायच्या, "इथं ज्याला सूर ऐकू आला, त्याला कुठंही ऐकू येईल."

त्या स्वतः मैफलीत कधी गायल्या नाहीत. तरुणपणी त्या त्यांच्या गुरुजींच्या मागे तंबोऱ्यावर बसायच्या. जुन्या फोटोंमध्ये गुरुजी हात पसरून गाताहेत आणि त्यांच्या खांद्याआडून बाईंचा अर्धा चेहरा दिसतो. त्या अर्ध्या चेहऱ्याचा त्यांना भारी अभिमान. "गुरुजींचा आवाज एखादेवेळी हलला असेल, माझा हात कधी हलला नाही," हे त्या सरळ सांगायच्या, आणि त्यात फुशारकी नव्हती. पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि गाण्याचा आवाज गेला. बोलण्यापुरता राहिला, तोही खरखरीत. मग शिकवताना गळा माझा वापरायचा असं ठरलं. मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरीच बसले होते. बाई बोटांनी हवेत सुरांच्या जागा दाखवायच्या, मी त्या गाऊन दाखवायचे, मुलं माझ्यामागून म्हणायची. आणि या सगळ्याखाली बाईंचा हात तंबोऱ्यावर चालू असायचा. गाणं म्हणून त्यांच्याजवळ उरलं होतं ते एवढंच.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी फटकळ. बँकेत माझ्या खिडकीशी यायला लोक टाळाटाळ करायचे. मुलांच्या आयांना मी तोंडावर सांगितलं आहे, "गाण्याची हौस तुम्हांला आहे, मुलीला नाही, तेव्हा उद्यापासून तुम्हीच येऊन बसा." फक्त बाईंपुढे माझं काही चालायचं नाही. त्यांचा अळणी उपमा मी मिटक्या मारत खाल्ला आहे. त्यांनी आणलेली भडक हिरवी साडी "रंग किती शांत आहे" म्हणून नेसले आहे. त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. "जगाला मिरची आणि मला साखर," असं त्या मला चिडवायच्या. मी काही गोड बोलले की नुसतं "साखर" म्हणायच्या आणि हसायच्या.

काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका कॉलेजच्या कम्युनिटी रेडिओवरून आम्हांला निरोप आला. या रेडिओचा आवाका लहान. शहर ओलांडून द्राक्षबागा लागल्या की नुसती खरखर. त्यावर फवारणीचा सल्ला, दातांची निगा, बचत गटांच्या गप्पा असे कार्यक्रम चालायचे. तिथल्या सरांच्या मनात आलं की रविवारी संध्याकाळी गावातल्या शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या मुलांना गायला बोलवावं. आमच्या क्लासमध्ये नुसता आनंदीआनंद झाला. मुलांपेक्षा बाईंचाच जास्त. सर म्हणाले होते, तंबोरा आणायची तसदी घेऊ नका, मोबाइलवर लावू. बाईंनी त्यांना फोनवरच झापलं. "मोबाइलवर लावायचा तर मुलांना तरी कशाला बोलावता, त्यांनाही मोबाइलवरच लावा."

मग दर वेळी आमची वरात निघायची. रिक्षात मध्ये बाई, त्यांच्या मांडीवर आडवा तंबोरा, त्याची मान बाहेर काढलेली, आणि ती कुठं आपटू नये म्हणून मी "हळू, हळू" करत रिक्षावाल्याच्या मानगुटीवर. एकदा रिक्षावाला वैतागून म्हणाला, "मावशी, पेशंट आहे का वाद्य आहे?" बाई म्हणाल्या, "पेशंट मी आहे, हा माझा डॉक्टर."

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे कपाटाची मोठी बहीण. भिंतींना स्पंज लावलेला, पंखा बंद, घामाच्या धारा. काचेपलीकडे कॉलेजातली एक विद्यार्थिनी कॉम्प्युटरवर बसायची. गोड मुलगी, कामाला चोख. बाईंना 'आजी' म्हणायची आणि मला, बहुधा माझा अवतार बघून, 'मॅडम'. पहिलं गाणं देवळाली कॅम्पातून येणाऱ्या मुलीचं ठरलं होतं. तिचे वडील सैन्यात, ती बारा वर्षांची, अर्धी हिंदीत आणि अर्धी मराठीत बोलणारी. पण भूप राग असा गायची की त्यात भाषेचा प्रश्न यायचा नाही. बाईंनी निवांत तारा जुळवल्या. काचेपलीकडची मुलगी घड्याळ बघत होती. मग लाल दिवा लागला आणि बाईंनी तंबोरा सुरू केला. आमची छोटी गायिका डोळे मिटून बसली. काचेपलीकडून हातवारे सुरू झाले, "गा, गा!" कुणीही गायलं नाही. पूर्ण मिनिट नुसता तंबोरा वाजला, आणि मग तिनं जो 'सा' लावला तो असा की माझ्या अंगावर काटा आला.

रविवारी संध्याकाळी आम्ही सगळे बाईंकडे जमलो. त्यांच्या भाच्यानं मुद्दाम रेडिओ आणला होता. भाचा आणि त्याची बायको त्यांच्याजवळच राहतात. गाणं लागलं. तंबोऱ्याचं सुरुवातीचं मिनिट कापलं होतं, थेट मुलीचा आवाज. आम्ही टाळ्या पिटल्या. दिंडोरीकडून मुलाला घेऊन येणारी एक आई म्हणाली, "लय गोड गायली पोर! इतकं साफ ऐकू येतं, जवळ बसून बी असं येत नाय." खरंच साफ होतं. आवाज थोडा कोरडा वाटत होता, पण रेडिओ म्हटल्यावर तेवढं चालायचंच असं मी धरून चालले.

बाई मात्र रेडिओजवळ सरकल्या होत्या. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "तंबोरा?"

कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. गाण्याखाली तंबोरा नव्हता. अगदीच कान दिला तर कुठंतरी फार लांब, भिंतीपलीकडे काहीतरी हलल्यासारखं होत होतं. मी म्हटलं, "सेटच छोटा आहे हो."

पुढच्या खेपेला त्यांनी तार जोरात छेडली. एरवी त्या तारेवरून बोट नुसतं फिरवायच्या. त्या दिवशी ओढत होत्या. घरी परतताना रिक्षात मी बघितलं, मधल्या बोटाचं टोक लाल झालं होतं. रविवारी पुन्हा तेच. त्या खेपेच्या मुलाचा आवाज साफ, तंबोरा नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी स्वतःची बैठक माइकच्या जवळ घेतली. काचेपलीकडची मुलगी धावत आली, "आजी, थोडं मागे, माइकला धक्का लागेल." बाई मागे सरकल्या, निमूट. मला ते बघवलं नाही. त्या कुणाचं ऐकून निमूट मागे सरकणाऱ्यांतल्या नव्हत्याच. आणि त्याही रविवारी तंबोरा आला नाही.

मग मी माझी मिरची घेऊन सरांकडे गेले. "आमचा तंबोरा कुठं जातो?" म्हणून विचारलं. कॉम्प्युटरवर बसणारी ती मुलगी तेव्हा परीक्षेमुळे येत नव्हती. सर बिचारे सज्जन. त्यांनी रेडिओवर गेलेलं गाणं लावून दाखवलं, कानाला हेडफोन दिला. म्हणाले, "मॅडम, खोलीत माइक एकच. त्याच माइकमधून मुलांचा आवाज इतका छान येतो. तंबोरा येत नाही म्हणजे... आता वय झालं हो त्यांचं. हात हलका पडतो माणसाचा." मी भांडले. पण भांडायला माझ्याकडे होतं काय? हेडफोनमध्ये तर तंबोरा नव्हताच. सर म्हणाले, "आपण असं करू, मशीनचा तंबोरा मी नंतर कॉम्प्युटरवर खाली जोडून देतो. आजींना त्रास नको." दार उघडंच होतं आणि बाहेर बाकावर तंबोरा घेऊन बाई बसल्या होत्या.

परतीच्या वाटेवर होळकर पुलावर रिक्षा गर्दीत अडकली, तेव्हा बाई म्हणाल्या, "खरं सांग. माझा हात पडलाय का?"

"छे! काहीतरीच काय बाई," मी म्हटलं. एका दमात, विचारही न करता. शेजारी बसून मला तंबोरा रोज नीटच ऐकू येत होता, हे खरं. पण रेडिओवर का येत नाही, हे मला तरी कुठं ठाऊक होतं? मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले होते आणि त्यांनी ते ओळखलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "साखर." या वेळी हसल्या नाहीत.

पुढच्या रविवारी मशीनचा तंबोरा रेडिओवर खणखणीत वाजला. बाईंनी तो शेवटपर्यंत ऐकला. "बघ, हा कसा ऐकू येतो," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी गेले तर त्यांनी तंबोऱ्याच्या तारा उतरवून ठेवल्या होत्या, गवसणी चढवली होती. "घरी घेऊन जा. इथं धूळ खाईल." मी नको नको म्हटलं. "शिकवणाऱ्याच्या हातात खात्री नसली तर मुलांना काय मिळणार?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला. त्यानंतर काही दिवस त्या खुर्चीवर बसून शिकवत होत्या. मोबाइलचा तंबोरा चालू आणि बाईंचे हात मांडीवर. मग मुलं कमी झाली. मग बाईंचे कान जायला लागले. एक दिवस त्यांनी क्लास बंद केल्याचं सांगितलं, तेव्हा आश्चर्य कुणालाच वाटलं नाही.

रेडिओवरची ती मुलगी आता पुण्याला नोकरी करते. गेल्या दिवाळीत नाशिकला आली होती, तेव्हा तिचा फोन आला. "मॅडम, रेडिओचा जुना कॉम्प्युटर काढून टाकताहेत. त्यात आपल्या मुलांची मूळ रेकॉर्डिंग्ज आहेत, एडिट करायच्या आधीची. तुम्हांला हवीत का? आठवण म्हणून." कॉलेज रोडला चहा घेताना तिनं मला पेनड्राइव्ह दिला. इतक्या वर्षांनी तिला आठवण झाली याचंच मला कौतुक वाटलं.

घरी येऊन मी पहिलं रेकॉर्डिंग लावलं आणि जागच्या जागी बसले.

तंबोरा होता. काठोकाठ भरलेला. चारही तारा ओळीनं: पंचम, दोन जोडाचे, खर्ज; पुन्हा पंचम. घाई नाही, ढिलाई नाही, कुठं जोर नाही. मिनिटभर तो एकटाच वाजत होता आणि मग त्यातूनच निघाल्यासारखा त्या कॅम्पातल्या मुलीचा 'सा' आला. रेडिओवर तोच 'सा' कोरडा वाटला होता. इथं तो भिजलेला होता. मी दुसरं लावलं, तिसरं लावलं. जोरात छेडलेल्या दिवशीचं लावलं. त्यात तर तंबोरा मुलाच्या आवाजावर चढत होता. बाईंचा हात कुठंही हलला नव्हता.

मी रेडिओवरच्या त्या मुलीला फोन केला. हे रेडिओवर का आलं नाही, म्हणून विचारलं. ती सरळ मनानं सांगू लागली. "मॅडम, आवाज स्वच्छ करायचा तर आधी कॉम्प्युटरला दाखवावं लागतं की कचरा कोणता. म्हणून आम्ही कुणी बोलायच्या आधीचा तुकडा निवडायचो. त्यात बाहेरचा पंखा, गाड्या, जे काही गुणगुणत असेल ते कॉम्प्युटर लक्षात ठेवतो आणि सगळीकडून पुसून टाकतो. सगळ्याच कार्यक्रमांना आम्ही तसं करायचो. तुमच्याकडे तर सुरुवातीला चांगला लांब तुकडा मिळायचा, कुणीच न बोलणारा..."

आणि ती थांबली. तिला तेव्हाच कळलं असावं. "मॅडम, तो..." म्हणाली आणि फोनवर रडायला लागली. मीच तिची समजूत घातली. तिला कुणी तंबोरा शिकवला होता? सरांना तरी ती रोज काय पुसते हे कुठं ठाऊक होतं? आयुष्यभर भांडत आलेल्या माझ्यासारखीला त्या दिवशी भांडायला एकही माणूस सापडला नाही. गाण्याआधी तंबोऱ्याला बोलू द्या, हा बाईंचाच नियम. त्यांनी तो इतका काटेकोर पाळला, म्हणून कॉम्प्युटरला त्यांचा हात इतका नीट ओळखता आला आणि इतका नीट पुसता आला. त्या थोड्या आळशी असत्या, पोरांना लगेच गाऊ दिलं असतं, तर तंबोरा वाचला असता. हे मला आजही सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी भाचेसुनेला फोन करून मी पंचवटीत गेले. बरोबर पेनड्राइव्ह आणि माझ्या मुलाचा डब्याएवढा स्पीकर. बाई खिडकीशी बसल्या होत्या. खाली तोच गलका, पण त्यांच्यापर्यंत आता तो पोचत नाही. कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते डब्यात ठेवून दिलं आहे. बोलायचं तर मुलांची ती पाटी असते, लिहून बटण दाबलं की कोरी होते, तीवर लिहावं लागतं. मी लिहिलं, "जुनं रेकॉर्डिंग सापडलं." त्यांनी वाचून हात हलवला, मला आता काय त्याचं, अशा अर्थानं. मी स्पीकर त्यांच्या मांडीवर ठेवला, आवाज पूर्ण मोठा केला आणि त्यांचा उजवा तळवा त्यावर धरला. भाचेसून स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली, इतका तो आवाज.

बाई स्थिर झाल्या. डोळे मिटले. त्यांच्या तळव्याखाली ते मिनिट वाजत होतं, नुसता तंबोरा. थोड्या वेळानं त्यांचा चेहरा सैल पडला, ओठांवर हसू आलं.

"कोण गातंय गं?" त्या म्हणाल्या. "कॅम्पातली पोर ना? किती स्थिर लागलाय सूर."

अजून कुणीच गायला लागलं नव्हतं.

मी पाटी ओढून घेतली. लिहिलं, "कुणी गात नाही. हा तुमचा तंबोरा आहे. तुमचा हात कधीच पडला नव्हता. मशीननं चुकून पुसला होता." पाटी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावला, सावकाश एकेक ओळ वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग माझ्याकडे बघितलं, फार मायेनं, आणि माझ्या गालावर हात ठेवला.

"साखर," त्या म्हणाल्या, आणि बटण दाबून त्यांनी पाटी कोरी केली.